विनोदाचार्यांचा भात

गुदगुलपूरच्या राज्यात चूल कोणी पेटवत नसे. तिथल्या निसर्गाचा नियमच असा होता, की पातेल्याला चांगला विनोद सांगितला की पाणी उकळे आणि भात शिजे. राजवाड्यातली स्वयंपाकीण भागाबाई पातेल्याशी सहज दोन शब्द बोलली, तरी भाताचं शीत न् शीत मोकळं होई.

पुढे राजाने त्र्यंबकशास्त्र्यांना विनोदाचार्य नेमलं. त्यांनी विनोदांचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्याबाहेरचा विनोद स्वयंपाकघरात सांगायला बंदी केली. त्याच दिवशी भागाबाईने पातेल्याला ग्रंथातला विनोद वाचून दाखवला; पाहुणे पाटावर येऊन बसले, तरी तांदूळ कच्चेच.

"विनोद शास्त्रशुद्ध आहे, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले. "बाईला तो सांगता येत नाही. काढून टाका तिला."

भागाबाई म्हणाली, "मग बुवा, तुम्हीच सांगा की!"

शास्त्रीबुवांनी पातेल्यासमोर मांडी घालून अख्खा विनोद सांगितला, वर त्याचा अर्थही समजावला. पाणी होतं तसंच गार.

"पातेलंच बिघडलंय!" ते कडाडले.

"बघते हं," म्हणत भागाबाई वाकली आणि पातेल्याला म्हणाली, "असं काय करतंस रे? या राज्यात कशावर हसायचं, ते हेच ठरवतात!"

झाकण उडून छताला लागलं.

राजाने कसंबसं हसू आवरलं. "तू राहा, बाई. भात झाला का?"

"झाला, सरकार. जरा गिचका झालाय. एवढा मोठा विनोद दोन शेर तांदळाला सोसला नाही."