कांदा न चिरण्याचा दिवस

ही पांढऱ्या फुलांची ओळ बघा, पाव्हणं. देवळापासून निघून थेट खिंडीच्या दिशेनं गेली आहे. शहरातली माणसं याला नर्गिस म्हणतात. पौष पुनवेला ही अगदी भरात असते, आणि त्या दिवशी आमच्या सावरखिंडीत कुणी कांदा चिरत नाही. स्टँडवरचा मिसळवालाही नाही. हसू नका, आधी ऐका तर.

फार जुनी गोष्ट. इथल्या सगुणेचा नवरा हैबती फौजेबरोबर उत्तरेच्या मुलखात गेला तो गेलाच, असं सांगतात. तीन वर्षं ना निरोप, ना सांगावा. घरात सगुणा आणि तिची सासू तान्हाई. दिवेलागण झाली की दोघी खिंडीकडे बघत बसायच्या आणि एकमेकींच्या नकळत डोळे पुसायच्या.

चौथ्या वर्षी पावसाळा सरता सरता फौजेतून परतलेला एक गडी दारात आला. "हैबतीनं दिलंय," एवढंच म्हणून त्यानं पुरचुंडी ठेवली आणि आपल्या गावच्या वाटेला लागला. आत मूठभर कंद! तान्हाई हरखून गेली. "बघ गं बाई, लेकानं कांदे धाडलेत. घरची चूल विसरला नाही माझा बाळ!" त्यातले दोन तिनं पिठल्यात चिरले. दोघी दिवसभर ओकून ओकून अर्धमेल्या झाल्या.

गाव काय गप्प बसतंय? तिकडं दुसरी केली असेल, म्हणून इकडं विष धाडलं, असं बायका पाणवठ्यावर सगुणेच्या तोंडावर बोलल्या. तिनं उरलेले कंद उकिरड्यावर भिरकावले. नवरा तिच्या मनातून साफ उतरला.

पौषात, पुनवेच्या सकाळी ती शेणाची पाटी टाकायला गेली, तर काय वास म्हणता! केरातून पांढरी फुलं वर आली होती. सगुणेनं तिथूनच सासूला हाक मारली. "आत्याबाई, विष नव्हतं हो ते! त्यांनी फुलं धाडली होती, आणि तीन महिने मी त्यांना शिव्या घातल्या!" तान्हाईनं कपाळ बडवून घेतलं. म्हातारीनं म्हणे मरेपर्यंत पुन्हा कांद्याला विळी लावली नाही.

पण त्याला हे कळवायचं कसं? सगुणेनं ते कंद देवळापाशी लावले. कंदाला पिल्लं फुटतात. दरवर्षी त्यातलं एक ती खिंडीच्या बाजूला एक पाऊल पुढं लावी. पुनवेला शेवटच्या फुलाशी उभी राहून हाक मारी, "पोचलं होऽऽ!" नवऱ्याचं नाव घ्यायची चाल नव्हती, म्हणून हाकेत नाव नाही. अशी एक्केचाळीस वर्षं. हैबती काही आला नाही. सगुणा गेली तेव्हा खिंड अजून बरीच लांब होती.

आजही ज्या घरचं माणूस लांब आहे, मग ते दुबईला असो की आमच्या थोरल्यासारखं बोटीवर, ते घर ओळीत एक कंद पुढं लावतं. पुनवेला बाया टोकाशी उभ्या राहून तीच हाक देतात. उत्तर कधी आलेलं नाही. तरी हाक दिल्यावर कुणी लगेच वळत नाही, सगळ्या थोडा वेळ कान देऊन उभ्या राहतात. आमची कारभारीण सगळ्यांत शेवटी घरी येते.