पुढे ढकललेले सत्र

एका नगरीत एकदा एक विद्यापीठ होते आणि तिथल्या कुलसचिवाला तारखा बदलण्याची सवय जडली होती. नावनोंदणी आणि सत्रारंभ त्याने दोनदा पुढे ढकलले होते. आता तिसरे परिपत्रक त्याच्या हातात होते. देणगीदार व्यापाऱ्यांची मुले लग्नसराईतून अजून परतली नव्हती. कुलसचिवाला या प्रकाराचा कंटाळा आला होता. पण नाही म्हणण्याचाही कंटाळाच आला होता.

परिपत्रक लावायला जाताना त्याला आवाज ऐकू आला. त्याचे वृद्ध गुरुजी रिकाम्या दालनात शिकवत होते. म्हातारपणी भ्रम झाला असावा, असे वाटून तो हलकेच म्हणाला, "गुरुजी, सत्र अजून सुरू झालेले नाही."

"झाले की. तू पहिल्यांदा जाहीर केलेस त्याच दिवशी."

"आणि विद्यार्थी?"

गुरुजींनी खांबाकडे बोट दाखवले. खांबाआड एक बाई बसली होती. कुलसचिवाने तिला ओळखले. तुळसा तिचे नाव. दूरच्या खेड्यातून ती पहिल्याच तारखेला आली होती, आणि नोंदणीच्या खिडकीवरून त्यानेच तिला दोनदा परत पाठवले होते.

"हिला सासरहून सुगीपर्यंतचीच मोकळीक आहे," गुरुजी म्हणाले. "शिकवायचे ते मी शिकवीन. पण तुझ्या वहीत नाव नाही, म्हणजे परीक्षा नाही. सत्र ढकललेस ना? आता सुगी ढकलून दाखव."

"व्यापारी रुसतील, गुरुजी."

"रुसू देत. ते रुसले तरी परत येतील. ही पुन्हा येणार नाही. अरे, तारीख लिहीपर्यंत तुझी. ती ऐकून कुणी घर सोडले, की ती त्याची झाली. दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलणाऱ्याला काय म्हणतात, हे तुला मी लहानपणीच शिकवले होते."

कुलसचिवाने हातातले परिपत्रक फाडून टाकले. मग त्याने नोंदणीची वही मागवली, तुळसाचे नाव लिहिले आणि परीक्षेची तारीख सुगीच्या अलीकडची घातली.

तुळसाने वहीकडे पाहिलेही नाही. "ही तारीख तरी राहील का, साहेब?" तिने विचारले.

वचन द्यायला त्याने तोंड उघडले, आणि आपल्या वचनाला आता किंमत उरलेली नाही हे त्याला उमगले. तो तडक परीक्षेच्या तयारीला लागला.