टिपकागदावर ठेवलेला रांजण

"नियम माझाच आहे, बाबा. मग मीच तो मोडू?"

गुणवंत भोयरांनी विचारलं आणि रुमालाने मान पुसली.

उत्तमगीर बाबा ओसरीच्या कडेला बसून पुदिना खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मार्चची एकतीस तारीख होती. ओढ्याकाठच्या त्या मठात निंबाची दाट सावली होती, तरी झळा आत येतच होत्या. बाहेर जीप उभी होती. भोयरांच्या मांडीवर एक फाइल होती. त्या फाइलवर आज संध्याकाळच्या आत सही झाली नाही, तर मंजूर झालेला निधी परत जाणार होता.

गुणवंतराव जिल्ह्याचे खरेदी अधिकारी. सरकारी शाळा असो, दवाखाना असो की कचेरी, साधी टाचणी घ्यायची तरी त्यांची सही लागायची. माणूस स्वच्छ. इतका की दिवाळीला कुणी मिठाईचा डबा घेऊन आलं, तर शिपाई तो फाटकातूनच परत लावी आणि डब्याला हात लागला म्हणून वर हातही धुवून घेई. साहेब खिडकीतून बघतात, हे त्याला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक नियमावली केली. यापुढे जिल्ह्यात सरकारी पैशाने जे घ्यायचं ते वीज कमी खाणारं आणि हवापाणी न नासवणारंच घ्यायचं. चांगल्याला चांगलं म्हणावं. नियम खरोखर चांगला होता. जुने घरघरणारे पंखे गेले, तापणारे दिवे गेले, कचेऱ्यांची बिलं उतरली. शेजारच्या जिल्ह्यांतली माणसं येऊन नियमावलीची नक्कल घेऊन गेली. तेव्हा गुणवंतरावांची छाती थोडी फुगली. फुगणारच की.

आणि मग मेश्राम मॅडमचा अर्ज आला.

शकुन मेश्राम म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या मुलींच्या निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेला नियमानुसार पाणी थंड करायचं पाच स्टारचं यंत्र मिळालं होतं. हार घालून, नारळ फोडून बसवलं होतं. पण तिकडे वीज सकाळी जाते आणि दिवस कलल्यावर येते. दिवसभर पोरी पत्र्याच्या टाकीतलं पाणी पितात. पितात कुठे, तोंडाला लावतात आणि ओतून देतात. एके सकाळी प्रार्थनेच्या रांगेत एक पोर उभ्या उभ्या कोसळली. मॅडमनी लिहिलं होतं की आम्हाला यंत्र नको, रांजण द्या. प्रत्येक खोलीपुढे एक.

गुणवंतरावांनी अर्ज परत पाठवला. पुन्हा आला. पुन्हा परत पाठवला. तिसऱ्या वेळी मॅडम स्वतःच आल्या. नमुन्याचा एक लहान, पाण्याने भरलेला रांजण टेम्पोच्या हौद्यात ठेवून, खड्ड्यात फुटू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी कवेत धरून आल्या होत्या. साडीचा पुढचा भाग सगळा ओला झाला होता.

त्या रांजणाची रीतसर तपासणी झाली. आणि तो नापास झाला.

हे सगळं त्यांनी बाबांना सांगितलं. सांगताना आवाज ठाम होता, पण हात फाइलच्या नाडीशी चाळा करत होते.

बाबा म्हणाले, "आधी पाणी पी. मलाही दे. रांजण तिथं हाय."

ओसरीच्या कोपऱ्यात वाळूच्या बैठकीवर मठाचा रांजण होता. त्याच्या बुडाशी पुदिना माजला होता. गुणवंतराव उठले. रांजणाचं पोट ओलं दिसलं, थेंब ओघळत होते. एवढ्या वर्षांची सवय. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि तो ओलावा नीट, खालपासून वरपर्यंत पुसायला लागले.

"पुसू नको," बाबा म्हणाले. "गार होऊ दे."

गुणवंतराव ओशाळले. रुमाल घडी करून खिशात ठेवला. दोन पेले भरले. पाणी असं होतं की पहिल्या घोटाला डोळे आपोआप मिटले.

...

"मग नापास काहून झाला तो?" बाबांनी विचारलं.

"दोन कारणं आहेत. पहिलं, त्याच्यावर स्टारचं लेबल नाही."

"वीज किती खातो?"

"वीज... खात नाही."

"मग?"

"खातच नाही म्हणून मोजता येत नाही, बाबा. मोजता येत नाही म्हणून स्टार मिळत नाही. स्टार नाही म्हणून घेता येत नाही." बोलता बोलता गुणवंतरावांना आपलं वाक्य स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. ते घाईघाईने म्हणाले, "एकाला सूट दिली तर उद्या कुणीही काहीही घेऊन येईल. अट ती अट."

बाबा हसले नाहीत. हसले असते तर गुणवंतरावांना बरं वाटलं असतं.

"अन् दुसरं?"

"तो गळतो."

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

तपासणी कशी झाली ते गुणवंतरावांनी सविस्तर सांगितलं. रांजण पाण्याने भरून टिपकागदावर ठेवला. तपासणी समिती त्याच्याभोवती खुर्च्या टाकून बसली. चहा झाला. चहा संपेपर्यंत टिपकागद ओला झाला होता. गळती आढळली असा शेरा पडला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. मेश्राम मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, पण साहेबांचा चेहरा पाहून गप्प राहिल्या. त्यांनी रांजण उचलला, तसाच कवेत घेतला आणि निघून गेल्या.

"माझ्या खात्यात थेंब गळत नाही, बाबा. ते का, हे तुम्हाला तर माहीत आहे."

बाबांना माहीत होतं.

गुणवंतरावांचे वडील, अण्णा, पुरवठा खात्याच्या गोदामावर कारकून होते. रॉकेलचं एक पिंप बुडाशी सडलं होतं. रॉकेल हळूहळू मातीत जिरत राहिलं आणि हिशोबात कमी आलं. पिंप गळतंय असं अण्णांनी साहेबांच्या कानावर घातलं होतं, पण तोंडी. चौकशीत साहेबांना ते आठवलं नाही. अण्णा निलंबित झाले. चोर ठरले नाहीत आणि सुटलेही नाहीत. चौकशी चालू असतानाच गेले. गल्लीतली माणसं मयतीला आली ती सुद्धा मागे मागे उभी राहिली. गुणवंता तेव्हा कॉलेजात होता. त्याने खांदा दिला, पाणी दिलं, सगळं केलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्याच संध्याकाळी तो या ओसरीवर येऊन बसला होता आणि म्हणाला होता की मी अशी नोकरी करीन बाबा, की माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा सापडणार नाही.

आणि त्याने तशी केली. बाबांना त्याचं कौतुक होतं. आणि काळजीही तेवढीच होती. लेकरू वाळत चाललं होतं.

...

"त्या स्टीलच्या टाकीतलं पेलाभर पाणी आण," बाबा म्हणाले.

ती टाकी गुणवंतरावांनीच मागच्या वर्षी गुरुपौर्णिमेला मठाला दिली होती. चकचकीत, पक्क्या झाकणाची, फिरकीची तोटी असलेली. पाच वर्षं थेंब गळणार नाही अशी हमी असलेली. ती ओसरीवरच, रांजणाच्या शेजारी उभी होती. दोघांवर सावली एकच.

गुणवंतरावांनी पेला भरून आणला आणि बाबांपुढे धरला.

"मला नको. तू पी."

त्यांनी एक घोट घेतला. तोंडातच धरून ठेवला. मग कसाबसा गिळला. पाणी कोमट नव्हतं, चांगलं ऊन होतं.

"यात कधीचं पाणी आहे, बाबा?"

"सकाळचं. दोन्हीकडे एकाच विहिरीचं, एकाच कळशीनं भरलेलं." बाबांनी पुदिन्याची जुडी बाजूला ठेवली. "टाकी चांगली हाय तुझी. खरंच थेंब गळत नाही. मी तिचं पाणी अंघोळीला घेतो."

...

निंबावर एक होला घुमत होता.

गुणवंतराव एकदा टाकीकडे बघत होते, एकदा रांजणाकडे. टाकीचं पोट कोरडं ठणठणीत होतं. त्यात आपला चेहरा दिसत होता, थोडा लांबुळका आणि वाकडा. रांजणावर मघाशी जिथे पुसलं होतं, तिथे पुन्हा बारीक थेंब जमायला लागले होते. बाहेरच्या झळांनी ते सुकत होते आणि आतलं पाणी गार करत होते. हे काय त्यांना माहीत नव्हतं? आईच्या घरी माठातलंच पाणी प्यायले होते ते. शाळेत हेच शिकले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण टिपकागद ओला झाला तेव्हा त्यांना माठ दिसला नव्हता. पिंप दिसलं होतं.

"आक्षेप निघेल, बाबा," ते हळूच म्हणाले. "तपासणीला वरून माणूस येईल. विचारेल, लेबल नाही, गळतीचा शेरा आहे, तरी घेतलं कसं?"

"येऊ दे. उन्हातून येईल बिचारा. त्याला त्यातलंच पाणी दे."

गुणवंतरावांना हसू आलं. आलं ते अर्ध्यावरच थांबलं.

त्यांनी फाइल उघडली. पेन काढलं. समितीच्या शेऱ्याखाली, सगळ्यांच्या सह्यांखाली, ते लिहायला लागले. लिहिताना ओठ हलत होते, त्यामुळे बाबांना सगळं ऐकू येत होतं. सदर वस्तू विजेवर चालत नाही, सबब तिला लेबलची अट लागू होत नाही. तिच्या बाहेरचा ओलावा ही गळती नाही. पाणी थंड होण्याची रीत तीच आहे. समितीचा शेरा चुकीचा असून तो माझ्या देखरेखीखाली पडला आहे. पुढे काही विचारणा झाल्यास ती मला करावी, मुख्याध्यापिकांना करू नये. मंजूर.

खाली सही केली. नेहमीची सही एका फटक्यात व्हायची. आज पेन मध्येच अडखळलं.

मग मेश्राम मॅडमना फोन लावला. मॅडम, कुंभाराला आजच सांगा, उद्या सकाळी टेम्पो पाठवतो, असं सांगितलं. मॅडमनी विचारलं की नमुन्याचा रांजण परत तपासणीला आणायचा का.

"नको. तो मुलींपुढे ठेवा. आणि... मॅडम, त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं नाही. चुकलं माझं."

फोन ठेवला. फाइलची नाडी बांधली. आता उठायचं, नमस्कार करायचा आणि निघायचं. अंधार पडायच्या आत कागद कोषागारात पोचायला हवा होता.

पण ते उठले नाहीत. फाइलवर हात ठेवून बसून राहिले.

"बाबा..."

"बोल."

"अशा दोन ओळी अण्णांसाठीही कुणी लिहायला हवं होतं. पिंप गळतंय म्हणून. माणूस नाही म्हणून."

बाबा सरकत सरकत जवळ आले. त्यांनी पुदिना खुडून हिरवा झालेला हात गुणवंतरावांच्या पाठीवर ठेवला.

आणि तेव्हा, मयतीच्या दिवशी जे आलं नव्हतं ते आलं. आवाज न करता आलं. पन्नाशी उलटलेला साहेब माणूस ओसरीवर मांडी घालून बसला होता आणि गालांवरून धारा लागल्या होत्या. बाहेर ड्रायव्हर होता, तो बघेल. गुणवंतरावांचा हात झटकन खिशात गेला. मघाचाच रुमाल, अजून ओला होता. तो त्यांनी चेहऱ्याजवळ नेला.

बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नको, लेकरा. गार होऊ दे."