ओढ्यापलीकडची नावं

एके काळी, राजा कोण होता ते सोडून द्या, एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन वाड्या होत्या, एक वरची, एक खालची. आजा-पणजाच्या काळात त्या एकमेकींवर तुटून पडल्या, दोन्हीकडची माणसं मेली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी प्रत्येक वाडी आपल्या मेलेल्यांची नावं आणि वयं मोठ्याने पुकारायची. आणि गंमत बघा, एक वाडी पुकारू लागली की दुसरी ढोल बडवायची! समोरच्यांचं नाव चुकूनही कानावर पडायला नको ना!

वरच्या वाडीचा ढोल सटवाजीकडे होता. "आपण फक्त चालून आलेल्या दांडग्यांना मारलं," असंच तो लहानपणापासून ऐकत आलेला. त्याचा आजा त्या मारामारीत सगळ्यांत पुढे होता, याचा त्याला कोण अभिमान!

त्या वर्षी खालची वाडी पुकारू लागली आणि सटवाजीच्या ढोलाचा पट्टा तुटला. तो गाठ मारतोय तोवर पलीकडून आवाज आला, "गोदी, वय आठ. तिचा भाऊ नारू, वय तीन."

सटवाजी गडबडला. त्याची नातही आठ वर्षांचीच. त्याने वाडीच्या थोरल्या आबांना विचारलं, "आबा, आठ वर्षांची पोर चालून आली होती आपल्यावर?"

आबा खाली बघत म्हणाले, "ढोल वाजव."

"पण आबा, तीन वर्षांचं लेकरू..."

"वाजव म्हटलं ना! नाहीतर या वाडीत तुला थारा नाही."

सटवाजी ढोल खाली ठेवून विचार करू लागला. आबा खोटं बोलतील? की पलीकडचे? पण मेलेल्या लेकराचं वय खोटं कोण सांगेल? मग आपण इतकी वर्षं बडवलं ते काय?

वरच्या वाडीची पाळी आली. पलीकडच्या ढोलवाल्याने हात उगारला. तेवढ्यात सटवाजी रिकाम्या हातांनी ओढ्याशी गेला आणि ओरडला, "गोदी, वय आठ! नारू, वय तीन! आमच्या माणसांनी मारली. माझा आजा त्यांत होता. मला ठाऊक नव्हतं रे!"

पलीकडचा हात वरच राहिला. मग वरच्या वाडीतली एक म्हातारी पुढे आली. "तानी, माझी आत्या, वय पाच."

खालच्या वाडीने ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. "पाच?" बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

आबा सटवाजीला हाकलायला उठले खरे, पण त्यांच्यामागे कुणीच उठलं नाही. वैर काही त्या दिवशी मिटलं नाही. पण पुढच्या वर्षी एकही ढोल वाजला नाही. दोन्ही काठांवरची माणसं ऐकत राहिली, रडली, आणि आता पुढे काय करायचं ते न कळून तिथेच उभी राहिली.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: नुसतं आपलं दुःख पुकारून जुनं वैर सरत नाही, आपण दुसऱ्याला दिलेलं दुःख आपल्या तोंडाने कबूल करावं लागतं.