पहिला काटा

त्या राज्यात पाणी दरवर्षी एक पाऊल मागे सरत असे आणि शेतं एक पाऊल पुढे. राज्य म्हणजे तरी काय, एक भलामोठा तलाव, त्याच्या भोवतीनं चढत गेलेला उतार आणि उताराच्या माथ्यावर दगडधोंड्यांचा माळ. पाणी मागे सरलं की खालचा काळा मऊ गाळ उघडा पडे. त्या गाळात काहीही टाका, तरारून वर येई. वरची जुनी शेतं उन्हात तडकून जात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. तलाव आटतोय याचं वाईट कुणाला वाटणार? तो आटत होता म्हणून तर जमीन मिळत होती!

पेरा कुठवर करायचा हे टिटवीच्या अंड्यांवर ठरे. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे गोल मांडते आणि त्यात अंडी घालते. ती आपली पिल्लं बुडू देणार नाही, तेव्हा तिची अंडी जिथे असतील तिथवर यंदा पाणी चढणार नाही, असा जुना अंदाज. चैत्रात अंडी पडली की राज्याचा कारभारी तिथे जाई, पाठीवरचा एक पांढऱ्या पट्ट्यांचा, आतून पोकळ काटा उपटे आणि अंड्यांशेजारी रोवी. कारभारीपण साळिंदरांच्या घराण्यात होतं, त्यामुळे काट्यांना तोटा नव्हता. काट्याखालचं पाण्याचं, काट्यावरचं पेऱ्याचं. असे एक्केचाळीस काटे उतारावर एका ओळीत उभे होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा एक पाऊल खाली. पहिल्या काट्याच्या वर काय होतं असं कुणी विचारत नसे. जग पहिल्या काट्यापासून सुरू झालं होतं.

एक्केचाळिसावा काटा राही टिटवीच्या अंड्यांशेजारी रोवला गेला, तेव्हा तिची ती पहिलीच वेळ होती. तिच्या आधी हद्दीची अंडी घालायचा हा मान तिच्या तुळसा आत्याकडे होता. आत्यानं शिकवणी एका दमात आटोपली होती.

"मागच्या काट्यापासून एक पाऊल खाली मोजायचं आणि बसायचं. झालं."

"पण पाणी बघायचं नाही? माती हुंगायची नाही?"

"माझी आई हुंगायची म्हणतात. दरसाल तेच निघायचं. मग कशाला उगाच नाक झिजवायचं?"

त्या वर्षी अंड्यांच्या वासावर एक मुंगूस आलं. टिटव्यांना अशा वेळी एकच विद्या येते. राहीनं एक पंख मोडल्यासारखा लोंबता सोडला आणि लंगडत, ओरडत मुंगसाला अंड्यांपासून दूर नेऊ लागली. मुंगूस चिवट होतं. तिनं त्याला चढावर नेलं, आणखी वर नेलं, आणि भान आलं तेव्हा पहिला काटाही मागे पडला होता. तिथून ती भुर्रकन उडाली, मुंगूस दात विचकत परत गेलं, आणि ती दम खायला माळावर उतरली.

पायाखाली खडे होते. गोल मांडलेले.

शेजारी आणखी एक गोल होता. त्याच्या पलीकडे आणखी, असे थेट माळाच्या टोकापर्यंत. खड्यांवर शेवाळ वाळून त्याचे पांढरट डाग पडले होते, इतके ते जुने होते. पण मांडणी टिटवीचीच, त्यात शंका नको. मोठा खडा वाऱ्याच्या बाजूला, चपटे आतल्या बाजूला. राहीच्या आजीच्या आजीनं, किंवा तिच्याही आजीनं इथे अंडी उबवली होती. म्हणजे तेव्हा पाणी इथवर होतं. आणि एक गोष्ट तिनं पुन्हा पुन्हा वाकून पाहिली. काही गोल दुसऱ्या गोलांवर चढवलेले होते. खालचे मातीत रुतलेले, वरचे मोकळे. टिटव्यांची ओळ इथून वर गेली होती आणि याच वाटेनं कधीतरी परत खाली आली होती. एकदा नव्हे.

राहीनं मागे वळून पाहिलं. खाली तळाच्या गाळात सगळं राज्य हिरवंगार पसरलं होतं. सशांची बिळं, साळिंदराची चावडी, धान्याच्या कणग्या, सगळं काही तलावाच्या पोटात.

वर्षभर ती गप्प राहिली. सांगणार कुणाला आणि काय? पाणी यंदाच येईल असं तिलाही ठाऊक नव्हतं. ते येऊन गेलेलं आहे, एवढंच ठाऊक होतं. चैत्र आला. ती नेमाप्रमाणे उतार उतरू लागली, एक्केचाळिसाव्या काट्यापाशी पोचली, चोच मातीत खुपसली आणि कितीतरी वर्षांत कुठल्या टिटवीनं केलं नव्हतं ते केलं. तिनं माती हुंगली. मातीला खालून ओल चढत होती. थोडीशीच, पण वरून कडकडीत ऊन असताना! राही मागे वळली आणि माळावर जाऊन एका जुन्या गोलात तिनं चार अंडी घातली.

मग काय, हलकल्लोळ झाला. राहीची अंडी माळावर म्हणजे पेरा त्याच्याही वर, नुसत्या धोंड्यांत! चावडीवर सगळं राज्य लोटलं. कारभारी नेमाजी साळिंदर दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर राहीला बोलणं सोपं गेलं असतं. त्यानं तिला शेजारी बसवून घेतलं.

"पोरी, तुझ्या आत्यानं कधी असं केलं होतं?"

"नाही काका. पण वर जुने गोल आहेत. पाणी तिथवर होतं."

"कुणी पाहिलंय?"

चावडीचा कायदाच तसा होता: जे आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं. या कायद्यानं राज्यात खोटं बोलणारं कुणी उरलं नव्हतं आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. तुळसा आत्याकडे सगळ्यांनी पाहिलं. आत्या खाली मान घालून म्हणाली, "मी तर पाणी खालीच जाताना पाहिलंय बाई."

"दगडांनी पाहिलंय," राही म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. नेमाजी हसला नाही. "दगडाची साक्ष मी कशी घेऊ? हे बघ, अंडी खाली असली की पेरा खाली होतो आणि पेरा खाली झाला की सगळ्यांची पोटं भरतात. एक्केचाळीस वर्षं हे असंच चाललंय. आता तुझी अंडी वर आहेत म्हणून मी यांना उपाशी ठेवू? त्यापेक्षा अंडीच खाली आणू. म्हणजे तुझा मानही राहील आणि नेमही."

हा तोडगा सगळ्यांना एकदम पटला. अंडी पाण्याचा अंदाज सांगतात, हे कधीच विसरलं गेलं होतं; अंडी ठेवू तिथे पाणी थांबतं, असंच आता सगळे धरून चालले होते. अंडी आणायचं काम लखू सशाकडे आलं, कारण त्याचा पाय हलका आणि त्याचं शेत सगळ्यांत खाली. लखू भला ससा. राहीशी त्याचं बरं होतं. त्यानं पळसाच्या पानावर चारही अंडी अशी जपून खाली आणली की एकालाही चरा गेला नाही.

"राहीताई, रागावू नकोस. घरात पाच पोरं आहेत माझ्या," तो म्हणाला.

"ही चार माझी आहेत, लखूदादा."

लखूनं अंडी एकेक करून खाली ठेवली. नेमाजीनं बेचाळिसावा काटा रोवला आणि सगळे पेरणीला लागले.

राहीपुढे आता दोनच वाटा होत्या. अंड्यांवर बसायचं किंवा नाही बसायचं. ती बसली. आई दुसरं काय करणार? रोज पोटाखालची माती आदल्या दिवसापेक्षा गार लागे. रोज ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगे, आणि टिटवी काय, ओरडतच असते, असं म्हणत जो तो पुढे जाई. तिनं रात्रंदिवस एकच ध्यास घेतला: एवढी अंडी फुटू देत. टिटवीचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यापडल्या धावतं. एकदा ती चौघं धावू लागली की ती त्यांना घेऊन माळ गाठणार होती. अठ्ठावीस दिवस लागतात. सव्विसाव्या दिवशी चारही अंड्यांतून आतून टकटक ऐकू येऊ लागली. राहीला हसू आवरेना.

त्याच दिवशी भर दुपारी जमिनीच्या भेगांतून किडे बाहेर पडू लागले.

डोंगरापलीकडे कुठे काय कोसळलं होतं कोण जाणे. इथे आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. भेगा आधी काळ्या झाल्या, मग चकाकल्या, आणि मग जमीनच हलल्यासारखी दिसली. आवाज काहीच नव्हता. पाणी मांजराच्या पावलानं येत होतं आणि बेचाळिसावा काटा बघता बघता बुडख्यापर्यंत ओला झाला.

चार अंडी चोचीनं ढकलत चढावर न्यायची तर आत्ता, या घडीला न्यायला हवी होती. राहीनं पहिलं अंडं ढकललंही. तेवढ्यात तिला समोर सशांची बिळं दिसली. लखू आणि त्याची बायको दूर शेतात तण निंदायला गेली होती. पाचही पोरं जेवून आत झोपली होती, आणि बिळांत पाणी खालून भरत होतं.

ती क्षणभर, फक्त क्षणभर, तिथेच उभी राहिली. तिनं त्या क्षणासाठी स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. मग ती उडाली.

ती लखूच्या डोक्यावर जाऊन किंचाळली. लखूनं वर पाहिलंही नाही, टिटवी ओरडायचीच. तेव्हा ती दगडासारखी खाली आली आणि तिनं त्याचा कान चोचीत धरून ओढला. "पोरं! दादा, पोरं तुझी!" लखूनं मागे वळून पाहिलं आणि तो जो धावला, तो थेट बिळात घुसला. एक, दोन, तीन बाहेर आली. चौथं आलं. पाचवं काढताना तो आत इतका वेळ राहिला की त्याच्या बायकोनं हंबरडा फोडला. मग बिळातून पाण्याचा लोंढा उसळला आणि त्याच्याबरोबर लखू, तोंडात पोर धरून.

आता सगळं राज्य चढावर पळत होतं. कणग्या उलटल्या होत्या. एक्केचाळिसावा काटा गेला, चाळिसावा गेला. लखूनं पोरं बायकोच्या हवाली केली आणि तो उलट्या दिशेनं पाण्यात शिरला. राही अंड्यांवर घिरट्या घालत होती. चारही अंडी आता तरंगत होती, एकमेकांपासून लांब लांब जात होती आणि त्यांच्यातून टकटक चालूच होती. आणताना लखूकडे पळसाचं पान होतं, कोरडी वाट होती, सगळ्या राज्याचे आशीर्वाद होते. आता त्याच्याकडे एक तोंड होतं. त्यानं जवळचं एक अंडं ओठांत धरलं आणि बाकी तिघांकडे बघत बघत मागे फिरला.

संध्याकाळी पहिला काटाही पाण्याखाली गेला. पाणी माळाच्या कडेला, जुन्या गोलांच्या एक हात अलीकडे येऊन थांबलं. जणू काही त्याला आपली जागा माहीत होती.

तिसऱ्या दिवशी अंडं फुटलं. बाहेर आलेलं पिल्लू ओल्या पायांनी दोनदा पडलं आणि मग धावायला लागलं. राही त्याच्या मागे मागे धावत होती आणि रडत होती. लखूची पाच पोरं धोंड्यावर ओळीनं बसून बघत होती. लखू लांब उभा होता. राही त्याच्याकडे गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

मग नेमाजी आला. त्याच्या मागे उपाशी, चिखलानं माखलेलं सगळं राज्य होतं. त्यानं सगळ्यांदेखत राहीपुढे मान वाकवली.

"चुकलं माझं, पोरी. तुझंच खरं होतं. अंडी वरच हवीत." मग तो लोकांकडे वळला आणि आवाज चढवून म्हणाला, "आजपासून नवा नेम. दरसाल एक पाऊल वर!"

"एक पाऊल वर!" सगळे म्हणाले. त्यात तुळसा आत्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"काका, नेहमी वर नाही," राही घाईघाईनं म्हणाली. "दरसाल बघायला हवं. माती हुंगायला हवी. ते कधी..."

"खालून वर आलेलं पाणी या डोळ्यांनी पाहिलंय मी," नेमाजी प्रेमानं म्हणाला. "आता आणखी काय बघायचं?"

त्यानं पाठीवरचा एक चांगला लांब काटा उपटला, राहीच्या गोलाशेजारची जागा निवडली आणि काटा रोवला. तो आत जाईना. त्यानं जोर लावला, तरी जाईना. खाली काहीतरी अडकत होतं. नेमाजीनं पंजानं माती उकरली आणि कुजून काळा पडलेला एक बुडखा बाहेर काढला. बोटभर लांब, आतून पोकळ. त्याच्यावरचा पांढरा पट्टा अजून पुरता गेला नव्हता.

"कसली तरी मुळी आहे," असं म्हणून त्यानं तो पाण्यात भिरकावला आणि त्याच भोकात आपला काटा रोवला. या वेळी तो अगदी नीट बसला.