खोतांच्या दारी गेलेला हंडा

कोंडवेळ हे खाडीच्या तोंडाशी वसलेले गाव. तिथल्या धर्मशाळेत शिवरामनाथ महाराजांचा मुक्काम असतानाच ते भयंकर वादळ झाले. माड आडवे झाले, घरांची कौले उडाली आणि दर्याचे पाणी विहिरींत शिरले. गावात गोड्या पाण्याचा थेंब उरला नाही, आणि बाहेरून आणावे तर पडलेल्या झाडांनी वाट अडलेली.

महाराज म्हणाले, "गावविहीर उपसू या. देवाचे नाव घ्या आणि दोर धरा."

भक्तमंडळी कामाला लागली. सर्वांत पुढे तुळाजी गाबीत. वादळात त्याची मासेमारीची होडी फुटली होती, पण कपाळाला हात लावून बसण्याचा त्याचा स्वभावच नव्हे. दोराने तळहात सोलवटले, तरी तोंडी नाम चालूच. आपले हात गावाच्या कामी येताहेत, यातच तो सुखी होता.

दादा खोतांना मात्र या खटाटोपाचे भारी हसू येई. "होडी गेली म्हणून आता दर्याच उपसतोस काय रे तुळाजी?" ते भर चव्हाट्यावर विचारत. खरे तर त्यांची घरची विहीरही खारट झाली होती, सून नुकतीच बाळंत झालेली, आणि साठवणीचे पाणी संपलेले. पण खोताने गावविहिरीवर जायचे कसे? मोठेपणा आडवा येत होता.

महाराजांना हे कळले. उपसलेल्या पाण्याने एक हंडा भरून ते तुळाजीला म्हणाले, "हा हंडा खोतांच्या सुनेला नेऊन दे."

तुळाजीने पाणी चाखले आणि हंडा खाली ठेवला. "म्हाराज, ह्या अजून खाराच आसा. बाळंतिणीक कसा देऊ?"

"विठ्ठलाचे नाव घे आणि ने."

गुरूंचा शब्द मोडवेना. खोतांच्या शिव्यांचे त्याला काही नव्हते. आपल्या हातून त्या पोरीचे वाईट होऊ नये, एवढ्यासाठीच तो वाटभर देवाला आळवत राहिला.

"आणलास दर्या?" म्हणत खोतांनी चारचौघांत फजिती करायला ओंजळ भरून तोंडाला लावली. मग पुन्हा एकदा लावली. पाणी शहाळ्यासारखे गोड! काय ही माउलीची दया!

खोतांनी स्वतः हंडा उचलून आत नेला आणि तसेच अनवाणी ते विहिरीवर आले; मागोमाग तुळाजीही आला. तिथेही सगळे पाणी गोड झाले होते. त्यांनी महाराजांचे पाय धरले.

महाराज म्हणाले, "माझे पाय कशाला? ज्याने भीत भीत का होईना, तुमच्या घरी पाणी आणले, त्याला भेटा."

खोत वळताच तुळाजी गडबडून मागे सरला. "नको दादानू. सूनबाय पाणी प्याली मा?"

"प्याली रे," खोत म्हणाले आणि त्यांनी त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले.