दोन सशांचं नमतं

"उन्हाळा सरला, भंतेजी. अजून किती नमतं घ्यायचं मी?"

भंते सुमेध विहाराच्या ओट्यावर अंगावर घ्यायचं फाटकं चिवर मांडीवर घेऊन बसले होते. सुईत दोरा काही केल्या जात नव्हता. त्यात ही बाई.

"कोणापुढं?" त्यांनी विचारलं.

"सशापुढं. आणि बहिणीपुढंही."

विशाखाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. प्रश्न विचारला तरी समोरच्याचा पेपर तपासायला घेतल्यासारखा. शेजारी दोन टोपल्या, वर फडकी बांधलेली. एकीत साखर, त्यांची स्वतःची, पांढरीशुभ्र. दुसरीत दिगू, करडा आणि आडदांड. तो धाकट्या बहिणीचा, कुंदाचा. म्हणजे खरं तर कुंदाच्या नवऱ्याचा लाडका. नवरा होळीनंतर गेला, आणि कुंदा सशासकट ताईच्या घरी राहायला आली.

तेव्हापासून घरभर केसांचे पुंजके उडत होते.

"काय काय करून पाहिलं?"

"काय नाही केलं ते विचारा! दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. पिंजरे शेजारी शेजारी ठेवले. तिचं फडकं त्याच्याकडे, त्याचं तिच्याकडे, वासाची सवय व्हावी म्हणून. मोरीत सोडून पाहिलं, कारण मोरी दोघांपैकी कोणाचीच नाही. एका ताटलीत कोथिंबीर दिली. खातात मुकाट्यानं. कोथिंबीर संपली की जुंपते!"

"साखर सकाळी काय खाते?"

"वाळलं गवत. मग मेथी, थोडा मुळ्याचा पाला. पालक नाही, तिला मानवत नाही."

"आणि बहीण?"

"काय?"

"सकाळी काय खाते?"

"खात असेल ना जी काहीतरी," विशाखाबाई म्हणाल्या. "मोठी बाई आहे ती."

भंतेजींनी दोरा ओला करून पुन्हा सुईत घालून पाहिला. नाही गेला.

"सोड त्या दोघांना," ते वैतागून म्हणाले. दोऱ्यावर वैतागले की बाईंवर, ते त्यांनाच ठाऊक.

फडकी सुटली. दोन्ही ससे ओट्यावर समोरासमोर आले. नाकं हलली. मग साखरनं मान खाली घातली, पार फरशीला टेकवली. दिगूनंही टेकवली. दोघं तसेच राहिले, डोक्याला डोकं लावून, अगदी गरीब चेहऱ्यानं.

"वा," भंतेजी म्हणाले. "किती नम्र."

"नम्र कसले आलेत!" विशाखाबाईंना राहवलं नाही. "सशांत मान खाली घालणारा नमत नसतो, भंतेजी. हुकूम सोडत असतो. मी मोठा, तू माझं डोकं चाट, असं त्याचं म्हणणं. एकानं चाटलं की झाली दोस्ती. पण हे दोघंही डोकं खाली घालून बसतात. चाटायचं कोणी?"

"मग काय होते?"

"बघाच आता."

दिगूचा धीर आधी सुटला. त्यानं साखरच्या कानाला चावा घेतला. साखर उसळली. दोघं एकमेकांच्या मागं गरागरा फिरायला लागले, दोऱ्याचं रीळ ओट्याखाली गडगडलं, सुई कुठं गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंनी साखरला धरलं. भंतेजींनी दिगूला मांडीवरच्या चिवरात गुंडाळलं. दिगूनं ते लगेच ओलं केलं.

चिवर सकाळीच धुतलं होतं.

भंतेजींनी डोळे मिटले. जरा वेळानं उघडले.

"बहिणीशी काय भांडण आहे?"

"भांडण नाहीच! तेच तर सांगून राहिली मी. या सशांची मारामारी झाली की मी आपणहून तिच्या दाराशी जाते. मोठी असून. हात जोडते. म्हणते, कुंदा, माझंच चुकलं."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, नाही ताई, माझंच चुकलं. तीही हात जोडते."

"मग?"

"मग काय... मी उभी राहते. ती उभी राहते."

"मग?"

"मग मी दार आदळून येते."

भंतेजी दिगूच्या कानामागं खाजवत राहिले.

"रविवारी निघते म्हणते," विशाखाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "तलावापल्याड खोली पाहिली आहे तिनं. एकटीनं जाऊन पाहिली. नवरा जाऊन सहा महिने नाही झाले, भंतेजी, कशी राहील ती तिथं? झोपत नाही ती. भिंतीतून मला ऐकू येते. मी माघार घेतली, वाकले, हात जोडले... अजून किती वाकू? सांगा ना काहीतरी."

भंतेजींनी दिगूला टोपलीत ठेवलं.

विशाखाबाईंनी डोळे पुसले. फडकी करकचून बांधली. इतक्या लांब यायचं, आणि म्हाताऱ्यानं तोंडातून शब्द काढू नये! पण रीत ती रीत. त्यांनी गुडघे टेकले, हात जोडले, कपाळ फरशीला लावलं आणि आशीर्वादाची वाट पाहिली.

आशीर्वाद आला नाही.

त्यांनी डोकं वर करून पाहिलं. समोर म्हातारे भंतेजी गुडघ्यांवर होते. हात जोडलेले, कपाळ फरशीला.

"भंतेजी! हे काय करून राहिले तुम्ही? भंते कधी उपासिकेच्या पाया पडतात का? उठा! लोक पाहतील!"

भंतेजी उठले नाहीत.

आता काय करावं? बाई गोंधळल्या आणि त्यांनी घाईघाईनं आपलंही कपाळ पुन्हा टेकवलं. टोपलीत साखर पाय आपटत होती.

"माझंच काही चुकलं असेल, भंतेजी," विशाखाबाई फरशीकडं पाहत म्हणाल्या. "पण आधी तुम्ही उठा. उठा ना जी."

"मान अवघडली बाई माझी," भंतेजी खालूनच म्हणाले. "घरी कुंदाचीही अवघडली असेल."